खंडेनवमीचं इंजिन

रोज सकाळी पिवळी स्कूल बस कोपऱ्यावर येऊन थांबली, की एक बाई फुटपाथवर तिच्याजवळ येऊन उभी राहायची. तिच्याबरोबर बसमध्ये चढणारं कुणी नसायचं. अंगात नवऱ्याचा असावा असा ढगळ कोट, गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी, मान थोडी कलती. मुलं चढायची, दार मिटायचं, बस घरघरत वळणापलीकडे जायची. मग ही बाई कोटाच्या खिशांत हात कोंबून तळ्याच्या दिशेने भराभर चालू लागायची, कुठेतरी पोचायला उशीर झाल्यासारखी. थोड्या वेळाने तीच तशीच भराभर परत येताना दिसायची.

शोभनाकाकू हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत त्यांना बरीच वर्षं झाली होती. नवरा संजयराव जाऊन चौथं वर्ष चालू होतं, मुलगा ऋषी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत होता. सकाळच्या चहाला सोबत म्हणून खिडकी होती. त्या बाईचं मूल गेलं असावं किंवा होत नसावं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि तिच्याबद्दल त्यांना वाईटही वाटायला लागलं होतं. एका सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायच्या निमित्ताने त्या बाहेर गेल्या आणि तुमचं कुणी आहे का बसमध्ये, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. उत्तरही इंग्रजीत सुरू झालं, पण मध्येच अडखळलं आणि मराठीत येऊन पडलं.

"नाही हो. मी इंजिन ऐकतेय. एक सिलिंडर लंगडतंय. गेल्या आठवड्यापासून लंगडतंय आणि त्या ड्रायव्हरबाईंना पत्ताच नाही."

ही सुनेत्रा. समोरच्या अपार्टमेंट्समध्ये राहायची, नवऱ्याचं नाव अमित, तो मिनिआपोलिसमधल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करायला पुण्याहून आलेला. तिच्या मानेचा कल दुःखाचा नव्हता, हे कळल्यावर काकूंना हायसं वाटलं आणि थोडी फजितीही वाटली. त्यांनी तिला चहाला आत बोलावलं. ती आत आली, बसली आणि बसल्या बसल्या त्यांच्या टोस्टरची दांडी वरखाली करून बघू लागली. चहा उकळेपर्यंत टोस्टर टेबलावर उघडा पडला होता.

तिची हकिगत काकूंना तुकड्या-तुकड्यांनी कळत गेली. सांगलीजवळ कुपवाडला तिच्या वडिलांचं, एकनाथरावांचं, ट्रॅक्टरची इंजिनं रिबोअर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरून सारखे करून द्यायचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की ती तिथेच असायची. मेकॅनिकल केलं, मग भोसरीच्या एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला लागली. काचेपलीकडे इंजिन गर्जत असायचं आणि काचेअलीकडे सुनेत्रा. टेस्ट सुरू झाली की तिच्या परवानगीशिवाय इंजिन बंद करायची कुणाची टाप नव्हती. एकदा कुणी मोठा साहेब पाहुण्यांना घेऊन आला, आवाजामुळे बोलता येईना म्हणून त्याने बटणाकडे हात नेला, तर हिने तो हात धरला होता. हे सांगताना ती हसली आणि आपल्याच हाताकडे बघत राहिली.

लग्न झालं आणि ती अमितबरोबर इथे आली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे नोकरी करता येत नाही, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि सकाळी नऊ वाजता दार बंद होणं यांत फरक असतो. अमित वाईट नव्हता. टेस्टिंगचा कोर्स करून ठेव, सगळ्या जणी करतात, व्हिसा बदलला की लगेच जॉब मिळेल, असं तो सांगायचा. त्याचं टेस्टिंग म्हणजे सॉफ्टवेअरचं. टेस्टिंगच आहे की गं तेही, असं तो वर म्हणायचा. ती कोर्सला गेलीही, पण खुर्चीत तिचे पाय थांबत नसत. शेवटी शेजारच्या मुलीने तिला शांतपणे बस म्हणून सांगितलं आणि ती घरी आली ती पुन्हा गेली नाही.

काकूंच्या गॅरेजमध्ये एक पिकअप ट्रक होता. बाहत्तर सालची शेवी, म्हणजे शेव्हरोले, मूळचा रंग निळा, आता कडांना तपकिरी. संजयराव आणि काकू त्याच साली या देशात आले होते. आपल्याबरोबर कामाला लागलेला गडी म्हणून संजयरावांनी म्हातारपणी तो हौसेने विकत घेतला. त्याचं सहा सिलिंडरचं इंजिन चढावर धापा टाकायचं. याच्या मागे चाकांवरचं छोटं घर जोडून रॉकी पर्वतापर्यंत जायचं, असा संजयरावांचा बेत होता आणि त्यासाठी त्यांनी एका भंगारातल्या मोटरहोमचं बिग-ब्लॉक इंजिन उचलून आणलं होतं. आठ सिलिंडरचं, चारशे चौपन्न क्युबिक इंचांचं, एखाद्या म्हशीएवढं धूड. ते ताडपत्रीखाली ठेवलं आणि त्याच वसंतात संजयराव गेले. तेव्हापासून ट्रक आणि इंजिन एकमेकांकडे बघत गॅरेजमध्ये बसले होते. ऋषी फोनवर दर वेळी म्हणायचा, आई, कुणालातरी बोलावून टो करून टाक ना. काकू हो म्हणायच्या.

सुनेत्राने ताडपत्रीचं टोक उचललं तेव्हा काकू मागे उभ्या होत्या. तिने बोटाने इंजिनवरची धूळ पुसली, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "काकू, हे मी करू?"

काकू पैशांचं बोलायला लागल्या, तर तिने त्यांना मध्येच थांबवलं. "पैसे घेतले तर ते काम होईल. काम करायला मला बंदी आहे."

बर्फ वितळलं तसं गॅरेजचं दार वर गेलं, ते पुढचे कितीतरी महिने दिवसा खाली आलं नाही. स्कूल बसजवळचं उभं राहणं चालूच होतं, पण आता त्यानंतर ती तळ्याकडे न वळता काकूंच्या गॅरेजकडे वळायची. शेजारी आर्लन नावाचा एक निवृत्त शेतकरी राहायचा. इंजिन उचलायची त्याची क्रेन त्याने आणून लावली आणि स्वतः खुर्ची टाकून बघत बसला. मिनेसोटाची माणसं बोलून कौतुक करत नाहीत. तो "नॉट टू बॅड" म्हणाला, तेव्हा काकूंनी सुनेत्राला समजावून सांगितलं की ही इथली शाबासकी आहे.

मोठं इंजिन लहान इंजिनाच्या जागी बसवणं म्हणजे नुसतं उचलून ठेवणं नव्हे, हे काकूंना त्या उन्हाळ्यात समजलं. ज्यांच्यावर इंजिन बसतं त्या चौकटीवरच्या बैठका जुन्या मापाच्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या. वजनाने ट्रकचं नाक खाली झुकलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा जाड घातल्या. रेडिएटर लहान पडला. धुराचे पाइप स्टीअरिंगच्या दांड्याला घासायला लागले, ते दुसरे आणले. इंजिनाचा मुख्य सांगाडा, म्हणजे ब्लॉक, मशीन शॉपमध्ये नेऊन रिबोअर करून आणला, आतला जवळपास प्रत्येक भाग नवा घातला. झडपांवरची झाकणं काकूंनी आपल्या डिशवॉशरमध्ये धुऊन दिली. दोन दिवस ताटांना ऑइलचा वास येत होता, पण त्यांनी तक्रार केली नाही. टूथब्रश घेऊन नटबोल्ट घासायला बसल्या की त्यांना दिवाळीआधी समया घासल्यासारखं वाटायचं.

सुनेत्राचा जीव मात्र कशानेच थाऱ्यावर नसायचा. एक भाग बसला की तिला पुढचा दिसायला लागायचा. जेवताना टेबलावर बोटांनी ठेका धरायची, बोलता बोलता उठून गॅरेजमध्ये जायची आणि काकूंचं वाक्य अर्ध्यावर राहायचं. मराठी मंडळाच्या गणपतीत आश्लेषा नावाची एक मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, आम्ही इथे पोळ्या करायचं मशीन शोधतोय, आणि हिने बघा काय शोधून काढलं. सगळे हसले, अमितही हसला. सुनेत्राने हात पाठीमागे नेले, कारण नखांतला काळा रंग काही केल्या जात नव्हता. काकू तिथेच होत्या. त्यांनी तिचा एक हात मागून पुढे ओढला आणि त्यावर प्रसादाचा मोदक ठेवला.

त्या वर्षी खंडेनवमी नेमकी रविवारी आली, आणि ऑक्टोबर लागताना इंजिनही तयार झालं. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा. याहून चांगला मुहूर्त कुठला, असं काकूंना वाटलं आणि त्यांनी सगळ्यांना फोन केले. दसरा दुसऱ्या दिवशी होता, पण सोमवारी कोण भेटणार, म्हणून सोनंही आजच वाटायचं ठरलं. आपटा इथे मिळत नाही. काकूंच्या अंगणात रेडबड नावाचं झाड होतं, त्याची पानं हृदयाच्या आकाराची, आपट्याच्या लांबच्या भावकीतली वाटावीत अशी. थंडीने ती पिवळीधमक झाली होती, त्यामुळे इथलं सोनं गावाकडच्यापेक्षा जास्त सोन्यासारखं दिसायचं.

आदल्या दिवशी सुनेत्राने काकूंना समजावून सांगितलं होतं. इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा असतो. त्यावर उंचवटे असतात आणि ते फिरताना टॅपेट नावाच्या छोट्या दट्ट्यांना वर ढकलतात, तेव्हा झडपा उघडतात. दांडा नवा, टॅपेट नवे. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीसेक मिनिटं इंजिन जोरात पळवत ठेवायचं, मध्ये थांबवायचं नाही, हळूही करायचं नाही. जोरात पळालं तरच ऑइल उडून तिथवर पोचतं आणि ती दोन पोलादं एकमेकांवर नीट बसतात. एकदाच बसतात.

"म्हणजे जन्माची गाठ," काकू म्हणाल्या होत्या.

"तसंच काहीसं," असं म्हणून सुनेत्रा स्पॅनर पुसायला लागली होती.

रविवारी गॅरेज भरलं. इंजिनाला झेंडूची माळ, म्हणजे दुकानातल्या कुंडीतले झेंडू ओवून केलेली. पान्यांना, स्क्रूड्रायव्हरना हळदकुंकू. अमितने कॅमेरा आणला होता आणि तो खरोखरच खूश होता, आज सगळ्यांना माझी बायको काय करते ते दिसेल, असं दोघातिघांना म्हणालाही. सुनेत्राने इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या कार्ब्युरेटरजवळ हात ठेवला आणि अमितला किल्ली फिरवायला सांगितली. पहिल्या झटक्याला नाही, दुसऱ्या झटक्याला इंजिन पेटलं.

तो आवाज काकूंच्या छातीत घुसला. फळीवरचे रंगाचे डबे थरथरायला लागले. मुलांनी कान झाकले. गेल्या चार वर्षांत या घरात एवढं काही जिवंत झालं नव्हतं. काकूंच्या हातात आरतीचं ताट होतं, त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी आरती म्हणायला तोंड उघडलं. एक शब्द कुणाला ऐकू येईना. त्यांनी पुन्हा सुरू केलं. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडून म्हणालं की देवालासुद्धा ऐकू जात नाहीये. अमितने काकूंच्या ताटाकडे पाहिलं, भोवतीच्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि खिडकीतून हात घालून किल्ली मागे फिरवली.

गॅरेज एकदम शांत झालं. इंजिन फार तर दोन मिनिटं चाललं असेल.

काकूंनी आरती म्हटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवून साथ दिली. सुनेत्रासुद्धा हात जोडून उभी होती, ओठ हलत होते. पण काकूंनी ताट ओवाळताना तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिचे डोळे किल्लीवर होते. नंतर तिने इंजिन पुन्हा सुरू केलं आणि सांगितलं तेवढा वेळ पळवलं. लोक वडे खायला आत गेले होते. जाताना सगळ्यांनी तिच्या हातात पिवळी पानं ठेवली, सोन्यासारखी राहा म्हणाले.

इंजिनातली टिकटिक दोन दिवसांनी सुरू झाली. आधी घड्याळाएवढी, मग कुणी दारावर नखाने वाजवावं तशी. काकूंना ती ऐकू येत नव्हती, सुनेत्राला झोपेतही येत होती. एका सकाळी बस येऊन गेली आणि ती कोपऱ्यावर नव्हती. काकू गॅरेजमध्ये गेल्या, तर तिने इंजिनचं ऑइल काढून एका पसरट भांड्यात दारापाशी उन्हात ठेवलं होतं आणि त्याच्यासमोर ती उकिडवी बसली होती. काळ्या तेलात बारीक चमक होती, जणू कुणी चांदीचा वर्ख कुस्करून टाकला होता. काकूंना ते क्षणभर सुंदर वाटलं.

"हे काय गं?"

"कॅमशाफ्ट. झिजतोय तो."

काकूंना दुसरं काही विचारावं लागलं नाही. त्या तिथेच उलट्या बादलीवर बसल्या. आपणच आरतीची घाई केली, आपल्याच ताटामुळे झालं, असं त्या बोलत राहिल्या. सुनेत्राने भांडं जरा तिरकं केलं, चमक एका बाजूला सरकली.

"तुमचं काही चुकलं नाही, काकू. अमितचंही नाही, त्याला काय माहीत. मला माहीत होतं. मी नुसतं 'थांब' म्हणायचं होतं." मग भांडं खाली ठेवत ती म्हणाली, "भोसरीला असते तर हात धरला असता."

त्याच आठवड्यात अमितने बातमी आणली. इथलं काम संपत होतं, कंपनी त्याला व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला पाठवत होती. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे हजर व्हायचं होतं. अ‍ॅशबर्नला पुष्कळ आपले लोक आहेत, हवा बरी आहे, असं तो उत्साहाने सांगत होता. जेवण काकूंकडे होतं. सुनेत्राने ताटातल्या भाताला हात लावला नाही. ट्रक आता राहू दे, असं अमित समजुतीने म्हणाला. आर्लन गिऱ्हाईक शोधेल, इंजिन बाहेर काढायचं, उघडायचं, पुन्हा जोडायचं, एवढा वेळ कुठे आहे. काकूंनीही मान हलवली. पोरीला जाताना ओझं नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सुनेत्राने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. "ते सुरू नाही झालं, तर मी इथे तीन वर्षं काय केलं, अमित?"

अमित खाली बघून भात कालवत राहिला. मग त्याने काकूंना विचारलं की आर्लनकडे क्रेन अजून आहे का.

नोव्हेंबरमध्ये गॅरेज शून्याखाली जायचं. काकूंनी खोलीतला हीटर तिथे नेला, तो फक्त पायाची बोटं गरम करायचा. इंजिन पुन्हा बाहेर आलं आणि पुन्हा उघडलं गेलं. झिजलेला धातू ऑइलबरोबर सगळीकडे फिरला होता, त्यामुळे प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक ऑइलची वाट साफ करावी लागली. जुना कॅमशाफ्ट काकूंनी हातात घेऊन पाहिला. एका उंचवट्याचं टोक साबणाच्या वडीसारखं गोल झालं होतं. नवा आला तेव्हा त्यांनी तो हळदकुंकू न लावता सुनेत्राकडे दिला. मागच्या आरतीचं त्यांच्या लक्षात होतं आणि सुनेत्राच्याही लक्षात आलं. तिने त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

घरात खोक्यांचे ढीग वाढत होते. अमित भांडी कागदात गुंडाळायचा आणि फोन करून विचारायचा, कुकर कुठल्या खोक्यात. ती इंजिनाखालून उत्तर द्यायची. रागावत नव्हता तो. पण एकदा काकूंना म्हणाला, तिला तिथे काय देऊ मी, काकू, अ‍ॅशबर्नला गॅरेज नाही. काकूंना त्याचा पहिल्यांदा कळवळा आला. त्या एवढंच म्हणाल्या, विचार तिला. तू सारखा सांगतोस.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी सकाळी सगळं जागेवर होतं. या वेळी कुणाला फोन गेले नव्हते. तरी काकूंनी आरतीचं ताट तयार ठेवलं होतं, ते त्यांच्याच्याने ठेवल्याशिवाय राहवलं नाही. सुनेत्राने ताट पाहिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली, काकूंचा रांगोळीचा डबा घेऊन आली आणि गॅरेजच्या उघड्या दारात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वाकून एक सरळ पांढरी रेघ ओढली.

"मी सांगेपर्यंत ही रेघ कुणी ओलांडायची नाही. काहीही झालं तरी."

"लक्ष्मणरेषा उलटी झाली," अमित म्हणाला, पण तो रेघेच्या बाहेर गेला. काकू ताट घेऊन त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. आर्लन टोपी कानांवर ओढून अंगणापलीकडून आला आणि काही न विचारता रांगेत उभा राहिला.

तिने या खेपेला किल्ली स्वतः फिरवली. इंजिन पेटलं, तशी ती धावत पुढे आली आणि कार्ब्युरेटरवर हात ठेवून आवाज वर चढवला. तो तिथेच धरून ठेवला. काकूंच्या ताटातली ज्योत वाऱ्याने विझली, त्यांनी ती पुन्हा लावली नाही. सुनेत्राचं सगळं अंग त्या हातात गेलं होतं. मान त्या बस स्टॉपवरच्या कलाने कललेली होती, बाकी काही हलत नव्हतं. इतक्या दिवसांत तिला इतकं स्थिर काकूंनी पाहिलं नव्हतं.

अर्धा वेळ झाला असेल, तेवढ्यात धूर यायला लागला. दोन्ही बाजूंच्या पाइपांवरून पांढरा, मग पिवळट, जळक्या वासाचा. अमित ओरडला, आग लागलीय, आणि रेघेकडे धावला. सुनेत्राने मागे वळून न पाहता दुसरा हात उंच केला, पंजा पसरून.

"हात लावू नकोस. पाइपांवरचा रंग जळतोय, जळू दे. थांब तिथेच."

अमितचा बूट रेघेच्या अलीकडे थांबला. थोडी रांगोळी त्याच्या टोकाला लागली. तो तिथेच उभा राहिला, धुराकडे नाही, त्या पंजाकडे बघत. धूर दाट झाला, दारातून बाहेर आला, सगळ्यांच्या अंगावरून गेला. काकूंनी पदर नाकाला लावला. आणि मग तो विरळ व्हायला लागला, पाइपांचा रंग करडा झाला आणि इंजिन तसंच पळत राहिलं.

शेवटी तिने हात हळूहळू सैल केला. आवाज खाली आला, खर्जात बसला. ती वाकली, कान झाकणाजवळ नेला, एका बाजूने ऐकलं, दुसऱ्या बाजूने ऐकलं. मग सरळ झाली आणि काळ्या मनगटाने कपाळ पुसलं.

"काकू, आता करा आरती. इंजिन चालूच राहू दे."

काकूंनी रेघ ओलांडली. ज्योत पुन्हा लावली, ट्रकच्या नाकासमोर उभ्या राहून ओवाळलं आणि पूर्ण आरती म्हटली. त्यांच्या स्वतःच्या कानांनाही ती ऐकू आली नाही. अमित टाळ्या वाजवत होता, त्याही ऐकू येत नव्हत्या. आर्लनने टोपी काढून हातात घेतली होती.

पुढे सुनेत्रा अ‍ॅशबर्नला दोन वर्षं राहिली. तिथून फोन यायचे. अमित रोज सकाळी तिला कॉलेजला सोडतो, असं त्यातल्या एका फोनमध्ये कळलं, इंजिनांवरच्याच पदव्युत्तर शिक्षणाला तिने स्वतःच्या नावावर विद्यार्थी व्हिसा काढला होता. मग ते दोघे दुसऱ्या राज्यात गेले, काकू घर विकून ऋषीकडे सनीव्हेलला गेल्या, फोन वर्षातून दिवाळीला एक असे झाले. प्रत्यक्ष भेट पुन्हा झाली नाही. काकूंना तिची आठवण येते ती एअरपोर्टवरची.

जायच्या दिवशी सामान पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकलं. पुढे एकच लांब सीट, सुनेत्रा चालवायला, मध्ये काकू, दाराशी अमित, मांडीवर देवांचं खोकं घेऊन. बर्फ वितळावं म्हणून रस्त्याला मीठ टाकलेलं होतं, आकाश राखाडी. हायवेवर चढताना तिने पाय जरासा दाबला आणि ट्रकने असा हिसका दिला की अमितने देवांना घट्ट धरलं. चढ आला आणि कधी गेला ते काकूंना कळलं नाही. संजयराव असते तर काय म्हणाले असते, हे त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं.

परत ट्रक काकूंनीच न्यायचा होता. गेल्या काही दुपारी सुनेत्राने त्यांना मोकळ्या पार्किंगमध्ये तो चालवायला लावला होता. एअरपोर्टवर सामान उतरलं. अमित वाकून पाया पडला, काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सुनेत्राने त्यांना मिठी मारली, कोटाला अजून ऑइलचा वास होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. काकू स्टीअरिंगमागे चढून बसल्या, सीट पुढे ओढली, पट्टा लावला. सुनेत्रा एअरपोर्टच्या दारापर्यंत गेली, तिथून पुन्हा धावत आली आणि काचेवर बोटाने टकटक केलं. काकूंनी काच खाली केली. आता ही काहीतरी बोलेल आणि आपल्याला रडू येईल, म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

सुनेत्राने आत डोकावून डॅशबोर्डकडे बोट दाखवलं.

"काकू, तो काटा अर्धी टाकी दाखवतोय, पण त्याचं खरं मानू नका. जाताना पेट्रोल भरून घ्या."